साहेबांची व्युत्पत्ती बरोबर, व्याकरण चुकलं: इंग्रजीतल्या 'नन'ची गोष्ट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही मेलमध्ये लिहिलंत 'नन ऑफ द फाइल्स वेअर रिसीव्हड'. साहेबांनी 'वेअर' खोडून 'वॉज' केलं आणि वर ऐकवलं की नन म्हणजे नॉट वन, वन म्हणजे एक, एक म्हणजे एकवचन, विषय संपला. आता तुम्ही विचारताय की हे खरं का, हा शब्द मुळात आला कुठून, आणि याला मराठीत सरळ एक शब्द का सापडत नाही.

प्रश्न तीन दिसतात पण गाठ एकच आहे. शब्द जन्मला कसा यावरून तो आज कसा वापरायचा हे ठरतं का? साहेब म्हणतात ठरतं. मी म्हणतो नाही ठरत, आणि त्याचा पुरावा इंग्रजीत शोधायचीसुद्धा गरज नाही, तो तुमच्या घरात देवघराशेजारी सापडेल. त्याच्याकडे येतोच.

मी काही भाषाशास्त्राचा प्रोफेसर नाही. वीसेक वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतरं करतोय, बँकांचे फॉर्म, सोसायट्यांच्या नोटिसा, औषधांच्या पुड्यांमधले कागद, असलंच सगळं, आणि संध्याकाळी नोकरी करणाऱ्या मंडळींना इंग्रजी शिकवतो. या धंद्यात 'नन'शी रोज गाठ पडते म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलो. (देवनागरीत लिहिलं की हा आणि कॉन्व्हेंटमधली नन एकच दिसतात, आणि उच्चारही दोन्हींचा एकच आहे, पण नातं काही नाही. मी इथे एन-ओ-एन-ई वाल्या ननबद्दलच बोलतोय.)

आधी साहेबांचं जे बरोबर आहे ते. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा शब्द 'नान' असा होता, उच्चार साधारण हॉटेलात मिळणाऱ्या नानसारखाच. फोड केली तर 'ने' अधिक 'आन', ने म्हणजे न आणि आन म्हणजे एक. पुढे इंग्रजीत या लांब आ-चा ओ झाला, म्हणजे स्टानचा स्टोन झाला, बानचा बोन, हामचा होम, तसाच आनचा ओन आणि नानचा नोन. मग वन आणि नन दोघांचेही उच्चार अजून घसरत आजच्यावर आले, आणि वनला तर सुरुवातीला एक व चिकटला जो स्पेलिंगमध्ये कुठेच नाहीये. जुना ओ ऐकायचा असेल तर अलोन, ओन्ली, अटोन हे शब्द बघा, तिन्हींच्या पोटात तोच वन आहे. अलोन म्हणजे ऑल वन, पार एकटा, आणि अटोन म्हणजे ॲट वन, एक होणं, समेट करणं. तेव्हा नन म्हणजे न-एक, यात वादच नाही.

आणि 'नो मनी' मधला नो आहे ना, तो याच ननचा अर्धा तुकडा आहे. पुढे व्यंजन आलं की शेवटचा न गळायचा, जसं ॲनचं अ होतं, माइनचं माय झालं, तसं ननचं नो. गंमत म्हणजे 'नो, आय वोन्ट' मधला नो हा वेगळाच शब्द आहे, तो 'ने' आणि 'आ' म्हणजे 'कधीही' यांच्या जोडणीतून आला, म्हणजे मुळात 'कधीच नाही'. दोन वेगळी माणसं एकाच नावाने फिरतायत आणि आपल्याला पत्ता नाही.

या ने-ची पोरंबाळं भरपूर आहेत. नेव्हर म्हणजे ने अधिक एव्हर. नॉट हा नॉटचाच, म्हणजे शून्याला म्हणतात त्या जी-एच वाल्या नॉटचाच आखूड झालेला अवतार, आणि त्या लांब शब्दाचा मूळ अर्थ 'कधीही कसली वस्तू नाही' असा काहीसा. त्याच्यापासूनच नॉटी झाला. आज आपण लाडाने पोराला नॉटी म्हणतो पण सुरुवातीला त्याचा अर्थ होता ज्याच्याकडे काहीच नाही असा, कंगाल. मग झाला वाईट चालीचा, मग खोडकर. आपल्याकडे 'दरिद्री' या शब्दाचं काय झालं ते आठवा, गरीब या अर्थाने कमी आणि शिवी म्हणून जास्त वापरतो आपण तो.

आता हा 'ने' कोण? आपलाच न. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी एकाच जुन्या कुळातल्या भाषा, आणि नकाराचा न तिघींकडे वडिलोपार्जित आलाय. आणि नुसता न नाही तर 'न-एक' ही जोडणी करायची सवय पण बऱ्याच घरांत दिसते. जर्मनमध्ये 'नाही'ला म्हणतात तो नाइन म्हणजे न-एक. लॅटिनमधला नॉन पण तोच, ने आणि 'एक' साठीचा जुना शब्द मिळून. म्हणजे आपण सर्रास 'नॉनव्हेज' म्हणतो त्यातल्या नॉनच्या पोटातसुद्धा एक आकडा दडून बसलाय. लॅटिनचाच नुलुस, ज्यावरून नल आला, तो न आणि 'कुठलाही' असा, आणि त्या कुठलाहीमध्ये पुन्हा एकच बसलेला. निल मात्र थोडा वेगळा, तो निहिलवरून, म्हणजे 'कणभरही नाही' या जातीचा. आणि झीरो तर या घराण्यातलाच नव्हे, तो आपल्या शून्यचा प्रवासी अवतार. शून्यचं अरबांनी सिफ्र केलं, इटलीतल्या फिबोनाचीने १२०२ मध्ये त्याला झेफिरुम म्हटलं, तिथून झिजत झिजत झीरो.

आता देवघराशेजारचा पुरावा. विष्णुसहस्रनाम घरात कुणी म्हणत असेल तर 'एको नैकः' हे शब्द कानावरून गेले असतील. नैक म्हणजे न अधिक एक. अगदी तीच फोड, जी इंग्रजी ननची आहे. अर्थ काय? अनेक! देव एक आहे आणि एक नाही, म्हणजे अनेक आहे. आणि आपण रोज वापरतो तो 'अनेक' घ्या, अन् अधिक एक, पुन्हा न-एकच. इंग्रजांनी एकला नकार दिला आणि ते खाली शून्यावर उतरले, आपण एकला नकार दिला आणि वर चढून पुष्कळवर गेलो. साहित्य तेच, पाककृती तीच, पदार्थ उलटा.

तुम्ही 'अनेक लोक आले' म्हणता तेव्हा कोणी येऊन सांगत नाही की अहो अनेकमध्ये एक आहे तेव्हा 'अनेक माणूस आला' म्हणा. सांगितलं तर आपण त्याला पाणी देऊन बसवू. साहेबांचा युक्तिवाद नेमका याच जातीचा आहे. पोटात एक आहे म्हणून शब्द एकवचनी, असं जर असतं तर अनेक कधीच एकवचनी व्हायला पाहिजे होता.

बरं इंग्रजीचा स्वतःचा इतिहासही साहेबांच्या बाजूने नाही. जुन्या इंग्रजीत नानची रूपं चालायची आणि त्यात अनेकवचनी 'नाने' सुद्धा होतं, म्हणजे जन्मापासूनच तो दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहे. १६११ चं इंग्रजी बायबल काढा, ज्याला किंग जेम्स म्हणतात. स्तोत्र १४ मध्ये आहे 'देअर इज नन दॅट डूएथ गुड, नो, नॉट वन', इथे एकवचन, आणि गंमत म्हणजे नन आणि नॉट वन एकाच ओळीत. आणि त्याच ग्रंथात प्रेषितांची कृत्ये २०:२४ मध्ये 'बट नन ऑफ दीज थिंग्ज मूव्ह मी', मूव्ह, मूव्हज नाही, म्हणजे सरळ अनेकवचन. एकाच पुस्तकात दोन्ही, आणि कुणाचंही काही अडलं नाही. फाउलर नावाचे इंग्रजी वापराबद्दलचे मोठे दादा माणूस होऊन गेले, त्यांनी १९२६ च्या आपल्या कोशात स्पष्ट लिहिलंय की नन फक्त एकवचनी असतो हा गैरसमज आहे. म्हणजे साहेबांच्या नियमाला खोटं ठरवूनही आता शंभर वर्षं होत आली, तरी तो ऑफिसाऑफिसांत जिवंत आहे, कारण तो ऐकायला लॉजिकल वाटतो आणि लॉजिकल वाटणाऱ्या चुकीला मरण नसतं.

मग वापरायचं कसं? मी वर्गात एक टेस्ट देतो. वाक्याच्या शेवटी इंग्रजी लोक तो शेपटीसारखा प्रश्न लावतात ना, 'डिड दे', 'वॉज इट' वगैरे, तो लावून बघा. 'नन ऑफ देम केम' च्या पुढे तुमच्या तोंडात 'डिड दे?' येईल, 'डिड ही?' येणार नाही. 'नन ऑफ द मनी वॉज फाउंड' च्या पुढे 'वॉज इट?' येईल. बस, शेपूटच सांगतं की बोलणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय. पैसा, पाणी, माहिती असल्या न मोजता येणाऱ्या गोष्टी असतील तर एकवचनच, तिथे चॉइस नाही. फाइली, माणसं, उमेदवार असे मोजता येणारे असतील तर दोन्ही चालतं. अनेकवचन बोलण्यात सहज वाटतं, आणि 'एक म्हणजे एकसुद्धा नाही' असं ठासून सांगायचं असेल तर एकवचन शोभतं. 'ऑलमोस्ट नन' असेल तर मात्र अनेकवचनच घ्या, कारण 'जवळपास एकही नाही' याचा अर्थच दोन-चार आहेत असा होतो.

इथे 'अवलंबून आहे' हेही सांगायला पाहिजे. स्पर्धा परीक्षा देत असाल तर काही क्लासवाल्यांच्या नोट्स आणि उत्तरतालिका अजून जुना नियम धरून बसलेल्या असतात, तिथे माझं ऐकून मार्क घालवू नका, पेपर तपासणाऱ्याला जे हवं ते लिहून मोकळे व्हा. एखाद्या कंपनीची ठरलेली लेखनपद्धती असते, तिथे ती पाळायची. आणि दोनच गोष्टी असतील तर नन वापरूच नये, तिथे नाइदर. दोन फाइली आल्या नसतील तर नाइदर, तीन किंवा जास्त असतील तर नन. ही चूक तर चांगली चांगली माणसं करतात. माझ्या वर्गात एकाने आईवडिलांबद्दल 'नन ऑफ माय पेरेंट्स' लिहिलं होतं, त्यावर मी विचारलं एकूण किती आहेत बाबा तुझे.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. मराठीत ननला एक शब्द का नाही? कारण आपण नकार वाक्याच्या शेवटी क्रियापदात ठेवतो आणि इंग्रजीने तो वाक्याच्या सुरुवातीला नामात कोंबला. 'एकही फाइल आली नाही'. यात 'एकही' एकट्याने नकारी नाहीये, 'कोणीही' पण नाही. 'कोणीही चालेल' म्हणजे कुणीपण चालेल, आणि 'कोणीही चालणार नाही' म्हणजे एकसुद्धा चालणार नाही. कोणीही तोच, निकाल शेवटी लागतो. म्हणून मराठी माणूस समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत धीर धरून ऐकतो असं म्हणायला हरकत नाही (निदान भाषेची तरी तशी अपेक्षा आहे).

आपला न क्रियापदात किती मुरलाय बघा: असणेचं नसणे, होताचं नव्हता, आणि नाही, नको, नये तर वेगळेच. कोशात 'नसणे' हे धातू म्हणून मिळतं, म्हणजे नसण्यालाही आपण क्रिया मानतो. आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल पण जुनी इंग्रजी अगदी अशीच होती! 'ने' आणि 'इज' मिळून 'निस', म्हणजे नाही. 'ने' आणि 'वॉज'च्या जुन्या रूपाचं 'नॅस', म्हणजे नव्हता. हॅव, विल अशा काही क्रियापदांनाही सुरुवातीला न चिकटायचा. आणि एकाच वाक्यात क्रियापदालाही न आणि नामालाही न, म्हणजे आज ज्याला डबल निगेटिव्ह म्हणून लाल पेनाने गोल करतात ते तेव्हा रीतसर शुद्ध होतं. पुढे इंग्रजीने क्रियापदातले हे न सोडून दिले आणि नन, नेव्हर, नथिंग एवढे नामाकडचे ठेवले. क्रियापदाच्या बाजूचा एकच अवशेष लोकांच्या तोंडात उरलाय तो म्हणजे विली-निली, विल आय निल आय, इच्छा असो नसो. त्यातला निल म्हणजे ने-विल. वरचा शून्यवाला निल नव्हे.

हे मी उगाच पांडित्य म्हणून सांगत नाहीये. आपल्या लोकांची सगळ्यात कॉमन चूक इथूनच येते. डोक्यात असतं 'एकही फाइल मिळाली नाही', मग हात लिहितो 'नन ऑफ द फाइल्स आर नॉट रिसीव्हड', कारण शेवटी नाही टाकल्याशिवाय आपल्याला वाक्य संपल्यासारखं वाटतच नाही. त्याचा इंग्रजी अर्थ होतो मिळाली नाही अशी एकही नाही, म्हणजे सगळ्या मिळाल्या! तुमच्या मेलमध्ये ही चूक नव्हती, तेव्हा तुमचं इंग्रजी साहेबांना वाटतं त्यापेक्षा बरं आहे.

उलट्या दिशेने मीही आपटलोय. एका सोसायटीची नोटीस इंग्रजीत करायची होती. मराठीत होतं 'सर्व सभासदांनी देखभाल खर्च भरलेला नाही'. मी घाईघाईत 'नन ऑफ द मेंबर्स हॅव पेड' करून दिलं. म्हणायचं होतं सगळ्यांनी भरलेला नाही, म्हणजे काहींनी भरलाय काहींनी नाही. ज्यांनी वेळेवर भरले होते ते रविवारी सकाळी पावत्या घेऊन सेक्रेटरीच्या दारात, आणि सेक्रेटरीचा फोन मला. तेव्हापासून 'सर्व... नाही' असं वाक्य दिसलं की मी आधी फोन करून विचारतो, सगळेच नाहीत की सगळे नाहीत? मराठीत हा फरक एका च वर तोललेला असतो आणि लिहिणारा तो च बऱ्याचदा विसरतो. इंग्रजीत नन आणि नॉट ऑल हे दोन वेगळे दरवाजे आहेत, तिथे लपायला जागा नाही.

फॉर्म भाषांतर करताना तर ननचा खरा कस लागतो. इंग्रजी फॉर्ममध्ये अवलंबून असलेल्या व्यक्ती: नन, ॲलर्जी: नन, पूर्वीची कर्जं: नन, सगळीकडे एकच शिक्का. मराठीत माणसांना 'कोणी नाही', ॲलर्जीला 'कसलीही नाही', कर्जाला 'एकही नाही' किंवा 'काही नाही'. एकदा माझ्याकडे तपासायला आलेल्या एका फॉर्मवर ॲलर्जीपुढे 'कोणी नाही' छापलेलं होतं, कुणीतरी शोधा-आणि-बदला मारून मोकळं झालं होतं. आपल्या सरकारी मराठीने यावर एक उत्तर काढलंय, 'निरंक'. माहिती अधिकारात अर्ज केला असेल तर हा शब्द तुम्हाला नक्की भेटला असेल. निर् अधिक अंक, ज्यात आकडाच नाही. माझं मत विचाराल तर तक्त्यातल्या रकान्यात तो छान बसतो, माणसाच्या तोंडी शोभत नाही. 'मुलं किती?' 'निरंक' असं कोणी बोललं तर काळजी वाटेल.

आणि कोट्यवधी मराठी माणसांना माहीत असलेला नन म्हणजे नोटामधला एन, नन ऑफ द अबव्ह. सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर तो मतदान यंत्रावर आला. त्याचं मराठी करायला गेलं की 'वरीलपैकी कोणीही नाही' अशी आख्खी ओळ लागते, एका शब्दात होतच नाही, कारण 'नाही' शेवटी आल्याशिवाय आपलं गाडं पुढे जात नाही. म्हणून मग लोकांनी नोटाच ठेवलं, आणि त्यातून 'नोटा घेऊन नोटाला मत' असले विनोद फुकटात मिळाले.

तुमच्या ऑफिसात आयटीवाले असतील तर त्यांनाही एकदा ननबद्दल विचारून बघा. पायथॉन नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत नन ही वेगळी चीज आहे, ती शून्य नाही आणि रिकामी ओळही नाही. शून्य रुपये शिल्लक असणं आणि खातंच नसणं यात जो फरक तोच. शून्य हा आकडा आहे, तो मोजून आलेला आहे. नन म्हणजे मोजायला काही हाती आलंच नाही.

तर तुमच्या मेलकडे परत येऊ. 'वेअर' बरोबर होतं. साहेबांचं 'वॉज' सुद्धा चूक नाही, ते दुसऱ्याला चूक म्हणाले एवढीच त्यांची चूक. हे त्यांना सांगायचं की नाही ते साहेब कसे आहेत आणि अप्रेझल कधी आहे त्यावर अवलंबून. सांगायचंच असेल तर बायबलचं वगैरे काढू नका, 'अनेक'चं उदाहरण द्या, ते चहाच्या टेबलावर पटतं. नाहीतर पुढच्या वेळी वाक्यच बदला, 'वी हॅव नॉट रिसीव्हड एनी ऑफ द फाइल्स'. यात नन नाही, वॉज-वेअर नाही, आणि रचना आपल्या 'एकही मिळाली नाही'च्या जवळची आहे, त्यामुळे हातूनही नीट लिहिली जाते. बाकी त्या फाइली मिळाल्या का शेवटी? तुमच्या प्रश्नात त्याचा कुठेच उल्लेख नाहीये.